पांढऱ्या पेशींच्या आडून

कासारवाडीत रुळांलगतच्या आमच्या गल्लीत जड वस्तू आली, की हाक नवनाथलाच जायची. फ्रिज असो, पाण्याची टाकी असो, मंडळाचा गणपती असो. पाटोद्याकडून आलेला हा गडी चाकणच्या कंपनीत दिवसभर प्रेसवर राबायचा आणि गल्लीत शिरला की पुन्हा कुणाचं तरी ओझं खांद्यावर घ्यायचा. बदल्यात चहासुद्धा मागायचा नाही. ‘नवनाथ होता म्हणून झालं,’ एवढं कानावर आलं की त्याचं पोट भरायचं.

त्या माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी, दाढी करता करता, हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात तुंबलेली नळी मोकळी केली, स्टेंट बसवला. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. अंगात ताप नाही, कुठं जखम नाही, मग या कशाला वाढल्या, असं त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, की जखम आत आहे. रक्त न पोचल्यानं हृदयाचा एक तुकडा मेलाय. तो साफ करायला या पेशी धावून आल्यात. त्यांची फार गर्दी झाली, तर शेजारचं चांगलं मांसही त्या दुखवतात. पण त्यांच्यावाचून जखम भरतही नाही. त्या मेलेलं उचलून नेतील, मग तिथं वण धरेल. तोवर ती जागा नुकत्याच लिंपलेल्या कुडाच्या भिंतीसारखी ओली. जड काही उचलायचं नाही.

नवनाथनं घरी आणलं ते यातलं अर्धंच. रिक्षातच तो बायकोला, विजयश्रीला म्हणाला, “हार्टचं कुणाला बोलू नको. पेशी वाढल्यात म्हण.”

तिनं तसंच सांगितलं. आता गल्लीला पेशी म्हटलं की डेंग्यूच आठवतो. वाढल्या काय नि कमी झाल्या काय, कोण बघतो! दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनताई, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी अधू, रोज सकाळी पपईच्या पानांचा रस वाटून आणू लागल्या. विजयश्री हात पुढं करून पेला घ्यायची. नवनाथ भिंतीकडं तोंड करून प्यायचा. कडवटपणा जिभेवर दुपारपर्यंत राहायचा.

पंधरवड्यानं सुमनताईंची गॅसची टाकी आली. गाडीवाला ती जिन्यापाशी टेकवून निघून गेला. नवनाथ ओट्यावरच बसला होता. ताई म्हणाल्या, “आता तोंडावर तेज आलंय तुझ्या. चढव की रे बाबा तेवढी.”

तो उठला नाही, तसा समोरच्या गॅरेजमधून अजिम हसला. “ताई, रस वाया गेला म्हणायचा. पैलवान सुस्तावला राव.”

नवनाथ उठला. टाकीची कडी धरून त्यानं ती तिरकी केली. वर पहिल्या मजल्यावरच्या घरातून विजयश्रीची हाक आली, “अहो...” त्यानं वर पाहिलं नाही. छातीत काही दुखत नव्हतं, आणि भीती त्याचीच होती. टाकी सहज उचलली गेली असती. आत मात्र त्या पांढऱ्या पेशी मुक्या माणसांसारख्या अजून मेलेलं उपसत होत्या, ओल्या भिंतीपाशी, आणि त्यांच्या डोक्यावर तो हे ओझं ठेवायला निघाला होता.

त्यानं टाकी सरळ केली.

“ताई, मला हार्टचा झटका आलता. न्हाई उचलता येणार.”

अजिमचं हसू विरलं. ताई जिन्याच्या कठड्याला टेकल्या.

“मग मी रोज पाजत होते ते रे?”

“पीत होतो.”

“किती कडू असतं ते,” त्या म्हणाल्या.

अजिमनं हात पुसले आणि टाकी खांद्यावर घेतली. त्याच्यामागून सुमनताई कठडा धरून एकेक पायरी चढू लागल्या. खाली उतरणारी विजयश्री त्यांना वाट द्यायला जिन्यात भिंतीला चिकटून उभी राहिली. ताईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. तिनंही मान वर केली नाही.