भिकाचा कान

मसाटच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये भिका सायलेन्सरचं काम करायचा. धुळ्याकडून आला तेव्हा कारखान्यात हमाली केली, पण जीव गाड्यांत. आणि कान असा तिखट, की चहा पिताना समोरून टेम्पो गेला तरी म्हणायचा, "पुढच्या जोडाला चीर गेलीय." मग तोच टेम्पोवाला मुकाट्याने दारात. भिकाला त्या कानाचा माज होता. असणारच, दुसरं होतं काय त्याच्याकडे?

हल्ली मात्र तो म्हणायचा, आजकालच्या गाड्याच गरीब झाल्यात, ओरडत नाहीत. बायकोबद्दलही तीच तक्रार. केसरबाई पूर्वी मागच्या खोलीत भाकरी थापताना गाणी म्हणायची. गेली दोनेक वर्षं ती गप्प. रुसली असेल, कशावर ते तीच जाणे, म्हणून भिकानेही अबोला धरला. हट्टाला दोघंही एकमेकांना भारी.

एके दुपारी डोकमर्डीचे शशिकांत आपली जुनी फियाट घेऊन आले. मूळचे नाशिकचे, कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. पोरीपेक्षा गाडीला जास्त जपतात, असं त्यांची पोरगीच म्हणायची.

"भिकाभाऊ, रसिका बाळंतपणाला आलीय. गाडी चालू केली की बाळ दचकून रडतं. हिला जरा गप करा, मग नातवाला हिच्यातूनच फिरवायचंय."

भिका त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलवत होता.

मागचा डबा गंजून गेला होता. त्याने तो कापून नवा बसवला, वेल्डिंग मारलं. मग नेहमीची परीक्षा. इंजिन चालू ठेवून नळीच्या तोंडावर ओला गोणपाट दाबायचा आणि कान द्यायचा. धूर जिथून निसटेल तिथे फुस्स होतं. भिका गाडीखाली बराच वेळ पडून राहिला. फुस्स कुठेच नाही. मनात पाल चुकचुकली, पण त्याने तिला हाकललं. आपलं काम, त्यात खोट कशी निघेल?

बाहेर येऊन हात पुसत तो म्हणाला, "घ्या साहेब. बाळ पाळण्यात हलनारबी नाही."

शशिकांतांनी गाडी रेस केली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी भिकाकडे पाहिलं. तो लेकराचं कौतुक व्हावं तसा हसत उभा होता. शशिकांतांना काय उमगलं कोण जाणे. "छान झालंय," एवढं म्हणून ते निघाले.

भिका रस्त्यापर्यंत गेला. टपरीवरच्या माणसाने कानात बोट घातलं. पुढे पंक्चरवाल्याने मान वळवली, मग भाजीवालीने. फियाट जाईल तिथे माणसं वळून बघत होती. मागचा डबा तर नवाच, म्हणजे राहिला पुढचा जोड. तोच फुटलेला होता, आणि तो त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ओरडत होता. आता ते बाळ पुन्हा दचकणार.

तो मागे वळला. दारात केसरबाई दोन्ही कानांवर पदर दाबून उभी होती. तिचे ओठ हलत होते. भिका जवळ गेला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या तोंडाला कान लावला.

"कवयनी हाका मारी ऱ्हायनू," ती ओरडत होती. "तुमीच बोलतस नई. माले वाटनं, रागावनात."

भिकाला रडू आवरेना. त्याने विचारलं, "तू गानं कधी बंद करं वं?"

केसरबाईने पदर सोडला. मग त्याचा कान दोन्ही हातांनी धरून, शब्द सुटे सुटे करत म्हणाली, "बंद कोनी करं? आज सकायलेबी गानं म्हनं ना."