कागदावर राहिलेले अर्धे वाक्य

मायाप्पा गेल्यापासून सहा आठवडे मी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे: पोटाला चीर न देता ज्या आजारावर वेळेत उपचार होऊ शकला असता, तो आजार आम्ही दोघांनी मिळून पुढे का जाऊ दिला? क्रम चुकू नये म्हणून ओळीने सांगतो.

त्याच्या पत्नीचा, हौसाबाईंचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी रद्दी बांधत होतो. "मास्तर... त्ये गेलं," एवढेच त्या म्हणाल्या. मी गाठ पूर्ण केली आणि मग खाली बसलो.

इस्लामपूरजवळ आमचे थोडे शेत आहे. ऊस तुटून गेला की आटपाडीकडची मेंढरे तिथे बसायला येत. जमिनीला लेंडीखत मिळे, मेंढपाळाला धान्य. मायाप्पा असा वीसेक वर्षे येत राहिला. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. तो मला मेंढरांचे खूर, दात आणि दुखणी शिकवी. माझी चूक निघाली की त्याला फार आनंद होई.

दोन वर्षांपूर्वी मुतखड्याने त्याचे पोट दुखले म्हणून मी त्याला सांगलीला नेले. खडा पडून गेला. पण तपासणीत जठराच्या मागे, स्वादुपिंडावर, द्रवाने भरलेली एक गाठ दिसली. पुढच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावले. ही गाठ आज कर्करोग नाही, परंतु या जातीची गाठ पुढे तसे रूप घेऊ शकते, आणि ही वाढते आहे. मायाप्पाचे हृदय मोठी शस्त्रक्रिया सोसणारे नव्हते. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग सुचवला: तोंडावाटे दुर्बिणीची नळी जठरात उतरवायची, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने गाठ पाहायची, जठराच्या भिंतीतून बारीक सुई गाठीत नेऊन द्रव काढायचा आणि आतले अस्तर मरेल असे औषध सोडायचे. हा उपचार सर्वांना लागू पडत नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, नंतरही तपासण्या कराव्या लागतात, हेही त्यांनी लपवले नाही. त्यासाठी पुण्याला जावे लागणार होते.

"टाकं किती पडत्याल?" मायाप्पाने विचारले.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "घाबरून घाई करू नका. पण तीन महिन्यांच्या आत करून घ्या."

बाहेर चहा पिताना तो मोकळा हसला. "चीर न्हाई, टाका न्हाई, मग ह्यो कसला आजार वं मास्तर? मेंढरू कापलं की काळजावर अशा पाण्याच्या गाठी कितीदा निघत्यात. जित्तं असताना लय झाक चरत असतंय."

"तू मेंढरू आहेस का?"

"हौसा तसंच म्हणत्या."

मीही हसलो. मेंढराच्या त्या गाठी जंतांमुळे होतात, त्यांचा या गाठीशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक होते. तेवढे एक वाक्य तेव्हा बोलायला हवे होते. त्याऐवजी मी पाठकोऱ्या कागदावर जठर काढले, मागे स्वादुपिंड काढले, गाठ गडद केली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले: 'आज कर्करोग नाही. घाई नाही.' तो चौथी शिकलेला; कागद वाचून त्याने नीट घडी केली. तीन महिन्यांची मुदत मी लिहिली नाही. ती माझ्या लक्षात राहील, असे मला वाटले होते...

तो मेंढरांमागे निघून गेला. मी फोन केला तोपर्यंत पाच महिने झाले होते.

"आवं, कागदावर तुमीच ल्हिलंय न्हवं, घाई न्हाई म्हणून? मेंढरं माघारी वळली की जाऊ."

मी "बरं" म्हणालो.

पुढच्या वर्षी तो आला तो पिवळ्या डोळ्यांनी. सांगलीच्या त्याच खोलीत त्याच डॉक्टरबाईंनी, गाठीचा आता कर्करोग झाल्याचे आणि सुईची वेळ निघून गेल्याचे हळू आवाजात सांगितले. तेव्हा केले असते तर वाचला असता का, असे मी विचारले. खात्रीने सांगता येणार नाही, पण संधी होती, असे त्या म्हणाल्या. मायाप्पाने मात्र वेगळेच विचारले.

"मग आता टाकं पडत्याल?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आता तेही नव्हते.

दिवसकार्यानंतर मी गेलो तेव्हा हौसाबाईंनी त्याची पानाची चंची माझ्या हातात दिली. "तुमचा कागद हाय त्यात. कुणाला हात लावू द्यायचं न्हाईत." कागदाला चुन्याचे डाग पडले आहेत, घड्या फाटल्या आहेत. आकृती बरोबर आहे. अक्षरही चांगले आहे. अर्धवट वाक्य लिहिले म्हणून मी आयुष्यभर मुलांचे गुण कापले. या कागदावरचे वाक्य अर्धेच आहे. चंची आता माझ्या टेबलावर असते आणि रोज सकाळी ती बाजूला सरकवूनच मला लिहायला बसावे लागते.

मी डॉक्टर नाही. माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. घरातले जुने तपासणी अहवाल काढा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि 'घाई नाही' असे कोणी सांगितले असेल, तर ते किती दिवसांपर्यंत, हे स्वतः डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.