दुर्बिणीच्या पायांखाली

आमच्या आताकामाच्या वाळवंटात झऱ्याचं पाणी शेतांना वाटून द्यायचं काम एवारिस्तो सायरेकडे आहे. मागे खाणवाले आले, गोड गोड बोलले आणि गावचा एक झरा आटला. तेव्हापासून कुणी गोड बोललं की एवारिस्तोला पाण्याची काळजी लागते.

मागच्या महिन्यात डोंगरावरच्या वेधशाळेतली एक पोरगी चौकात दुर्बीण घेऊन आली. नुकताच अंधार पडला होता. "बघा ना आजोबा," ती म्हणाली, "या एवढ्या पसाऱ्यात आपण धुळीच्या कणाएवढेही नाही!"

एवारिस्तो माझ्या कानाशी लागला. "ऐकलंस ना फेलिसा? आज म्हणतील, तुम्ही काहीच नाही. उद्या म्हणतील, तुमचं पाणी तरी कुठे काय आहे!"

आणि हा बाबा दुर्बिणीच्या पायांखालची माती काठीने उकरायला लागला, खाली पाणी ओढायची नळी घातली आहे का ते बघायला!

"अहो आजोबा, पडेल ती!"

"धरणीला न विचारता उभी केलीस, मग पडणारच," मी म्हटलं आणि आमच्या रीतीप्रमाणे धरणीला पाजायला तिच्या हातात वाइनचा पेला दिला. तिने वाकून अर्धी वाइन मातीत ओतली, धरणीची माफी मागितली. तेव्हा कुठे एवारिस्तोने दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ तो हललाच नाही.

"काय दिसलं रे?"

"उद्या सांगतो."

सकाळी तो झऱ्यात खुणेची काठी बुडवून आला. पाणी होतं तेवढंच होतं.

"खरंय गं तिचं," तो खुशीत म्हणाला, "आपण धूळसुद्धा नाही."