सुगतनची खूण

केरळातल्या चावक्काडच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आणि सुगतन चेट्टनचं, म्हणजे सुगतनदादाचं, लॅपटॉप दुरुस्तीचं, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा तेव्हापासून त्याचं खोकणंसुद्धा मला पाठ आहे. माणूस सरळ, पण भारी घुम्या. मनातलं बोलायला आठ दिवस लावणार. मला असल्या माणसांचा राग येतो.

ऑक्टोबर अर्धा सरला की येणारा आमचा तुलाम महिना लागला होता. या महिन्यात रोज दुपारी विजांचं थैमान असतं. त्यातल्याच एका दिवशी सकाळी कदीजा लॅपटॉप छातीशी धरून आली. तिचा नवरा मोइतू मस्कतला कामाला होता आणि वर्षापूर्वी तिथेच वारला.

"चेट्टा, हा झोपला की याची बॅटरी कोण पितं, ते शोधून दे."

"जुनी झाली असेल, कदीजा."

"गेल्या वर्षी तर नवी होती ना?"

मग तिने सगळं सांगितलं. मोइतू दर शुक्रवारी नमाजानंतर लॅपटॉपवर बोलायचा. मोबाइल फक्त दुखण्याखुपण्याला. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, विजा सुरू झाल्या आणि तिने घरातले सगळे प्लग काढले. आमच्याकडे पहिल्या गडगडाटाला बायका पोरांच्या आधी प्लगकडे धावतात. पाऊस थांबल्यावर तिने नेटचा डबा परत लावला. लॅपटॉप एरवी कायम चार्जरलाच असायचा, पण तेव्हा काठोकाठ भरलेला, झाकण मिटून झोपलेला, म्हणून तसाच राहू दिला. शुक्रवारी झाकण उघडलं तर पडदा काळा. चार्जर लावून तो जागा होईपर्यंत मोइतूचे तीन कॉल येऊन गेले होते. तिने उलट कॉल लावला, पण तिकडे कोणी उचलला नाही. मोइतू जेवून आडवा झाला होता, तो उठलाच नाही.

"उम्मा अजून म्हणतात, माझ्या पोराची शेवटची हाक हिच्या आळशीपणाने वाया गेली. मी भरून ठेवला होता, चेट्टा. अल्लाची शपथ, भरून ठेवला होता."

"पाठव त्या तुझ्या सासूला माझ्याकडे!" मी भिंतीपलीकडून ओरडले. कदीजा हसली नाही.

सुगतनची एक रीत आहे. यंत्र पूर्ण भरायचं, दुकानाच्या नेटला जोडून झोपवायचं, फळीवर ठेवायचं आणि दर दोन तासांनी उघडून बॅटरीचा आकडा चिठोऱ्यावर लिहायचा. दहाला शंभर, बाराला ब्याऐंशी, दोनला त्रेसष्ट.

"झोपलेल्याला एवढी भूक?" तो पुटपुटला.

मी चहा घेऊन तिथेच बसले होते. तेवढ्यात त्या मिटलेल्या झाकणाखाली पंखा सुरू झाला. कोणी हात लावला नव्हता. थोडा वेळ घुमला आणि थांबला. जरा वेळाने परत घुमला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"चेट्टा, मोइतू तर नाही ना त्यात?"

"गप बस, लतिके."

पण त्याचा चेहरा उतरला होता. झोपेतून कोणी उठवलं, हे यंत्रालाच विचारता येतं. त्याने विचारलं. उत्तर आलं, नेटच्या कार्डाने. मग त्याने कुठलीशी आतली चौकट उघडली. तिथे एक बरोबरची खूण होती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"कोणी केली ती?"

"मी."

दोन वर्षांपूर्वी मोइतू रजेवर आला होता. म्हणाला होता, "चेट्टा, ही झाकण मिटून ठेवते. मी हाक मारली की हा उठला पाहिजे बघ." सुगतनने खूण करून दिली. पण लॅपटॉप कोणाच्याही हाकेला उठायला लागला. नेटवरून काहीही फालतू आलं की उठायचा, वाट बघायचा, परत झोपायचा. दिवसरात्र तेच. मोइतूची खरी हाक आली तेव्हा त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं.

"सांगणार आहेस ना तिला?"

"नवी बॅटरी घालून देतो. फुकट."

"बॅटरी बदलशील रे! तिच्या माथ्यावरचा दोष कोण बदलणार?"

दुसऱ्या दिवशी कदीजा आली, तेव्हा त्याने सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं. बाहेर गडगडलं, तसा कदीजाचा हात सवयीने बोर्डाकडे गेला आणि तिने लॅपटॉपचा प्लग काढला. मग म्हणाली, "ती खूण काढ."

सुगतनने माउस धरला, पण बोट दाबवेना. तिने त्याचा हात बाजूला केला आणि खूण स्वतः काढली.

"आता घरी चल. हे उम्मांसमोर सांग."

तो गेला. संध्याकाळी नखशिखांत भिजून परतला.

"म्हातारी काय म्हणाली?"

"मला काहीच नाही. कदीजाला म्हणाली, जेवलीस का? वर्षभरात पहिल्यांदा विचारलं म्हणे."

कदीजा आता बरी आहे. सुगतनचं मात्र मला बघवत नाही. फळीवर कुणाचाही लॅपटॉप असो, मिटल्या झाकणाखाली पंखा लागला की तो हातातलं काम टाकून धावतो. झाकण उघडतो आणि हळूच म्हणतो, "बोल, मोइतू." फळ्यांच्या भिंतीतून मला सगळं ऐकू येतं.