तक्रारदार: कुलकर्णी

सॉफ्टवेअरमधला एक बग मिटवला की दोन नवे निघतात. आमच्या शनिवारच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगायला घेतला की मागचे दोन आठवतात. आता आठवलेच आहेत, तर ऐका.

साल २०१२. न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळच, कुलकर्णी काकांच्या बेसमेंटमध्ये आम्ही जमायचो: पुण्याचा शिरीष, नागपूरचा पंकज आणि मी. कारण होतं काकूंचा पाय. घरासमोरच्या फूटपाथची एक फरशी मेपलच्या मुळांनी वर उचलली होती. तिला ठेच लागून काकू पडल्या. प्लास्टर निघालं, पण भीती निघेना. रोज लायब्ररीपर्यंत चालत जाणाऱ्या काकू घरात बसल्या. गाडी त्यांना येत नाही.

"अहो, पाटीभर सिमेंट टाका ना तिथे," काकू म्हणाल्या.

"पॅचवर्क नको!" काका रिटायर्ड इंजिनिअर. "हे काम टाउनशिपचं, इथल्या नगरपालिकेचं आहे. सिस्टिममधून झालं पाहिजे."

ओरेगॉनमधल्या कोणा हेलनने एक ओपन सोर्स ॲप सुरू केलं होतं. खड्ड्याचा मोबाईलवर फोटो काढायचा, पत्ता भरायचा, की तक्रार थेट गावच्या ऑफिसात. कोड सगळ्यांना खुला, कोणीही हातभार लावावा. आम्ही लावला. फरशी मात्र तशीच राहिली, कारण काकांचा हुकूम होता, "आधी टेस्टिंग!"

*

शिरीषचं पहिलं योगदान म्हणजे हेलनच्या माहितीपत्रकातले चार स्वल्पविराम. अमेरिकन बाईचं इंग्लिश आमच्या पुणेकराने तपासून दिलं! तिने बिचारीने थँक्यू म्हटलं. सोमवारी शिरीषच्या रेझ्युमेवर ओळ आली: अमेरिकन नागरी सुविधांच्या उभारणीत मोलाचा वाटा.

"यार, चार कॉमा टाकलेस तू!" पंकज म्हणाला.

"पण योग्य जागी टाकले."

*

पंकजने पत्त्याखाली 'जवळची खूण' असा रकाना टाकला. आणि तो कंपल्सरी केला. खूण भरल्याशिवाय तक्रार जाणारच नाही!

हेलनने कळवलं, "इथे रस्त्याला नाव असतं, घराला नंबर असतो. खूण कशाला?"

पंकजला खरंच वाईट वाटलं. "अरे, पण शेजारी काय आहे ते सांगितल्याशिवाय माणूस पोचेल कसा?"

तिने तो रकाना घेतला नाही. आम्ही आमच्या कॉपीत ठेवला. पहिली तक्रार गेली: इंडियन ग्रोसरीच्या मागे, जोशींच्या घरासमोर. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून काकांना फोन. "सर, हे जोशी कोण?"

काकांनी वीस मिनिटं सांगितलं. त्यात जोशींच्या मुलीचा साखरपुडाही आला. खड्डा कुठे आहे ते तेवढं राहिलं.

*

फोन काकांनाच का, तर त्याचीही गंमत आहे. फॉर्मवर तक्रारदाराचं नाव लागायचं. तो रकाना दिसला आणि सगळे समाजसेवक गार पडले.

"मी एच-वन व्हिसावर आहे, यार," शिरीष म्हणाला. "ग्रीन कार्ड अडकलंय. खड्ड्यापायी परत जाऊ का?"

गाव सुधारायला निघालेले तिघं, आणि नाव द्यायला एकही तयार नाही! त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू? सिटिझन एकटे काका. मग नावाच्या जागी काकांचं नावच कायमचं बसवून टाकलं. मेलेला रकून, बंद पडलेला सिग्नल, तुंबलेलं गटार, सगळीकडे तक्रारदार कुलकर्णी.

एकदा काका कसल्याशा फॉर्मसाठी ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईने नाव वाचलं, वर बघितलं आणि आतल्यांना हाक मारली, "ही इज हिअर!" चार माणसं बघायला बाहेर आली.

"इथे कामाची कदर आहे," काका आम्हाला सांगत होते.

काकू वरून चहा घेऊन यायच्या आणि मलाच हळूच विचारायच्या, "माझ्या फरशीचा नंबर कधी गं?" मला लाज वाटायची. पण टेस्टिंग संपत नव्हतं.

*

अखेर व्हर्जन १.० निघालं आणि काकूंच्या फरशीला मुहूर्त लागला. काकांनी नारळ त्याच फरशीच्या कडेवर फोडला. एका फटक्यात दोन भकलं!

"काय धार आहे!" शिरीष कौतुकाने म्हणाला.

"मला विचारा," काकू दारातून म्हणाल्या.

फोटो काढला, खूण भरली 'मेपलचं झाड', तक्रार गेली. दहा दिवसांनी उत्तर आलं. रजिस्टर्ड पोस्टाने! आमच्या ॲपला मिळालेलं पहिलं लेखी उत्तर. आम्ही सगळे गोळा झालो. काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज बारीक झाला.

गावच्या नियमाप्रमाणे घरासमोरचा फूटपाथ घरमालकानेच दुरुस्त करायचा असतो. सदर मालकाविरुद्ध तक्रार आली आहे. तीस दिवसांत फरशी बदला. खाली दोन रकाने होते. तक्रारदार: कुलकर्णी. दोषी: कुलकर्णी.

काकूंनी कागद हातात घेतला.

"तक्रार कोणी केली?"

"मी," काका म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याच."

काकूंनी कागदाची नीट घडी घातली.

"पस्तीस वर्षं मी तोंडी करतेय," त्या म्हणाल्या. "लेखी करायची असते होय!"