सोवळ्यातल्या पातेल्याची तपासणी

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, बडोद्यात आमच्या ज्ञातीच्या पहिल्या पंगतीत. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यातली कढी पिऊन ती तीन दिवस ओकत होती. भांडी तपासायला ज्ञातीने एक पंच नेमले होते. मी त्यांना गाठले.

"काका, पातेल्यात डोकावलात का?"

"सोवळ्यातले पातेले, शिवणार कसा? उंबऱ्यातून पाहिले. बाहेरून कसे लखलखत होते!"

"आणि मावशी?"

"तिने जरा कमी ओरपावी ना!"

आता मावशीलाच सगळे अधाशी म्हणतात. पातेले मात्र शुद्ध ठरले. जवळच्या मांडवी भागातला कल्हईवाला हाकेवर बसतो, पण त्याला बोलावले तर भांडे बाटते. माणसाच्या पोटात विष गेले तर काहीच बाटत नाही.

वाचकहो, पुढच्या पंगतीत पाटावर बसण्यापूर्वी पातेल्याच्या आत बघा. कल्हई नसेल तर जेवू नका, आणि कोणाला जेवूही देऊ नका.