पालथा ठेवलेला रॉड

माझी शेवटची पोस्टिंग नगरला होती. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, हुद्दा हवालदार. गाव संगमनेर तालुक्यात, म्हणजे घर एका एसटीवर. बरोबरीचे जवान हेवा करायचे. पहाटे पीटी, मग वर्कशॉप, दुपारी लंगर, संध्याकाळी गेम्स आणि रोल कॉल. असल्या शांततेच्या पोस्टिंगला फौजेत 'पीस' म्हणतात. सगळ्या नोकरीत माझ्या डोळ्यांदेखत एकच माणूस गेला आणि तो या पीसमध्ये गेला.

आमच्या माजी सैनिक संघटनेचे सचिव दर वर्षी मेळाव्याच्या अंकासाठी माझ्याकडून दोन पानं मागतात. "हवालदार, शौर्याचं काहीतरी लिहा," म्हणतात. मी दर वर्षी टाळलं. यंदा लिहितोय. यात शौर्य कुणाचंच नाही.

नाईक अशोक जगधने आमचा ड्रायव्हर. कोपरगावजवळचा. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे यंत्राच्या आवाजातच लहानाचा मोठा झालेला. फॅमिली क्वार्टरला बायको सुमन आणि लहान मुलगी. माझं कुटुंब गावी, म्हणून रविवारची भाकरी त्यांच्याकडे ठरलेली. सुमन मला भाऊजी म्हणायची. अशोक मला उस्ताद म्हणायचा, आणि त्या शब्दाआडून मनसोक्त टोमणे मारायचा.

युनिटकडे एक जुनी स्टाफ कार होती. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. परेडच्या दिवशी पॉलिश करून बाहेर काढायची, परत शेडमध्ये ढकलायची. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. युनिटच्या स्थापना दिनाला जुन्या गाड्यांची घाटचढाई ठरली. जागा करंजी घाट. शेजारच्या युनिट्सच्या गाड्याही येणार होत्या. आमचे टू-आयसी, म्हणजे युनिटचे दोन नंबरचे अधिकारी, मेजर साहेब शेडमध्ये आले आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हवालदार, ये गाडी पहली आनी चाहिए."

मी म्हणालो, "जी सर."

त्या दोन शब्दांवर माझी सगळी नोकरी झाली. आज ते आठवले तरी संताप होतो.

जुन्या इंजिनाची ताकद वाढवायची एक रीत म्हणजे स्ट्रोक वाढवणे. पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढा वर-खाली जातो तो त्याचा पल्ला, स्ट्रोक. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या आसाच्या, पिना मध्यापासून जराशा बाहेर सरकवून घासल्या की पल्ला वाढतो. ते काम आम्ही नगरच्या एमआयडीसीत एका ग्राइंडिंगवाल्याकडून करून घेतलं. पण मग जुने पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे दांडे, कनेक्टिंग रॉड, चालत नाहीत. पिस्टन जास्त वर येतो आणि हेडला, सिलिंडरच्या झाकणाला, धडकतो. इथे दोन वाटा असतात. रॉड आखूड घ्या, किंवा रॉडची लांबी ठेवा आणि असा पिस्टन घ्या ज्याची पिन वरच्या अंगाला आहे.

मी आखूड रॉडच्या बाजूचा होतो. लवकर मिळत होते. अशोक बेंचवर बसून चहा पीत होता.

"उस्ताद, आखूड दाव्यानं बांधलेला बैल मान तिरकी करून वढतो," तो म्हणाला. "तसा ह्यो पिस्टन तिरका ढकलला जाईल. सिलिंडरची भिंत खाईल."

"तू ड्रायव्हर आहेस का मेकॅनिक?"

"घाटात तुमी बसनार का मी? बसनाऱ्याला इचारा की."

मी हसलो आणि त्याचं ऐकलं. पुण्याहून दुसऱ्या एका इंजिनाचे रॉड मागवले. लांबी जुन्याएवढी, खालचं तोंड लहान, घासून बारीक झालेल्या पिनांवर नेमकं बसणारं. नवेकोरे, डब्यातले. पिस्टन पिन वर असलेले. क्रँक हाताने फिरवून पाहिला. पिस्टनचा खालचा काठ क्रँकच्या वजनाला लागत नव्हता, रॉडचे बोल्ट कॅमशाफ्टपासून मोकळे होते. चारही रॉड लंगरच्या तराजूत एकमेकांसमोर ठेवून सारख्या वजनाचे केले. लंगरचा कुक ओरडला, "आता इंजिनालापण रेशन लावलं का?" अशोक म्हणाला, "व्हय, आन त्याला तुमच्यावानी पानी घातलेली डाळ चालत न्हाई."

निवड बरोबर होती. हे मुद्दाम लिहितो. रॉड बरोबर होते, पिस्टन बरोबर होते. आजही त्या निवडीत मला चूक सापडत नाही.

इंजिन जोडून बंद करायच्या आधी मेजर साहेबांनी युनिटच्या प्रमुखांना, सीओ साहेबांना, काम दाखवायचं ठरवलं. फौजेत दाखवायचं म्हणजे ले-आऊट. जवानाच्या बिछान्यावर जसं किट मांडतात, चहाचा मग, बूट, मोजे, सगळं एका रेषेत, तसे सुटे भाग पांढऱ्या चादरीवर मांडायचे. आम्ही मांडले. क्रँक मधोमध, खाली चार पिस्टन, चार रॉड.

प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या खालच्या तोंडाच्या सुट्या टोपीवर एकच नंबर ठोकतात, म्हणजे एकाची टोपी दुसऱ्याला बसत नाही. हा नंबर ठोकायची जागा ठरलेली आहे. खालच्या तोंडाचा जो जाड भाग, त्याच्या कडेवर. तिथे मी तो आधीच ठोकला होता. पण रॉड चादरीवर आडवा पडला की ती कड बाजूला जाते, नंबर समोरून दिसत नाही.

मेजर साहेब चादरीसमोर उभे राहिले. "नंबर सामने से दिखने चाहिए. सीओ साहब झुककर देखेंगे क्या?"

"जी सर."

ते गेले. मी पंच आणि हातोडी घेतली. रॉडचा मधला दांडा समोरून सपाट दिसतो. तिथे नंबर छान वाचता येणार होता.

अशोक पुढे आला. टोमणा मारायच्या आवाजात बोलला नाही.

"उस्ताद, दांड्यावर नका ठोकू. हाड हाय ते त्याचं."

मला माहीत होतं. पल्ला वाढला की प्रत्येक फेऱ्याला दांड्यावरची ओढ वाढते. अशा दांड्यावर ओरखडाही चालत नाही. ओरखड्यातून चीर जाते. हे मी स्वतः रंगरुटांना शिकवलेलं होतं. पेंटने नंबर घालता आला असता. पण पेंट वाळायला वेळ लागतो, पुसट होतो, आणि पुसट नंबर दिसला तर साहेब चारचौघांत झापतील, हा विचार माझ्या डोक्यात होता. दुसरा कुठलाच नव्हता.

"बाजूला हो," मी म्हणालो.

एक, दोन, तीन, चार. चार दांड्यांवर चार आकडे. सरळ, खोल, सुबक. दुसऱ्या दिवशी सीओ साहेब चादरीसमोरून चालत गेले, "व्हेरी नीट" म्हणाले आणि चहाला गेले.

इंजिन जोडून गाडीत बसवलं. चढाईच्या आधी घाटात ट्रायल होती. मेजर साहेब माथ्यावर, स्टॉपवॉच आणि रेडिओ सेट घेऊन. मी पायथ्याशी जीपमध्ये, दुसऱ्या सेटवर. सेटवर ते 'वन', मी 'टू'. मधला रस्ता आमच्या जवानांनी थांबवून धरलेला. अशोकने हेल्मेट घातलं.

"इंजिन कसं वाटतंय?" मी विचारलं.

"नव्या बैलावानी. सुमनला सांगा, सांच्याला मटन टाकायला. पयला नंबर आपलाच."

"चल निघ."

मी सेटवर बोललो, "हॅलो वन, टू बोलतोय. कार निघाली. ओव्हर."

"वन, रॉजर. आउट."

इंजिनाचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. पहिलं वळण, दुसरं वळण. आवाज स्वच्छ होता. गिअर जिथे बदलायला हवा तिथेच तो बदलत होता. कुठेही त्याने इंजिन पिळलं नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग एक ठोका आला, पत्र्याच्या पिंपावर घण मारावा तसा, आणि त्यापाठोपाठ टायर घासल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"टू, कार कुठे आहे? ओव्हर."

मी सेट सीटवर टाकला. जीप वर घातली.

"टू, टू, रिपोर्ट. कार कुठे आहे? ओव्हर."

तिसऱ्या वळणावर कठड्याचे दगड निघालेले होते. रस्त्यावर तेलाचा पट्टा. रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता, इंजिन जागेवर जाम झालं, मागची चाकं लॉक झाली आणि वळणावर गाडी सरळ खाली गेली. मी उतरून पोचलो तेव्हा अशोक गाडीबाहेर होता. जिवंत होता. माझ्याकडे बघितलं, ओठ हलले. आम्ही त्याला रस्त्यावर आणेपर्यंत संपलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. टेबलावर तुटलेल्या रॉडचे दोन तुकडे होते. तिसऱ्या सिलिंडरचा रॉड. चीर आकड्याच्या पोटातून गेली होती. तीनचा वरचा अर्धा एका तुकड्यावर, खालचा अर्धा दुसऱ्यावर. ते तुकडे टेबलावर मीच मांडले. मांडताना ते पालथे ठेवले. आकड्याची बाजू खाली.

"रॉड कशाने तुटला?"

"ओव्हर-रेव्ह, सर."

"म्हणजे ड्रायव्हरने इंजिन पिळलं?"

"जी सर."

मेजर साहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तीन अधिकाऱ्यांपैकी एकानेही हात पुढे करून तुकडा उलटा केला नाही. उलटा करायला किती कष्ट होते? चादरीवरचे नंबर समोरून दिसावेत म्हणून ज्या साहेबलोकांना एवढी तळमळ, त्यांना टेबलावरचा तुकडा उलटून बघावासा वाटला नाही. पण त्यांच्यावर चिडायचा हक्क मला नाही. पालथा मी ठेवला होता.

निकाल लागला, चालकाची बेपर्वाई. युनिटच्या गेटजवळ शिळेवर ड्यूटीवर गेलेल्यांची नावं आहेत. अशोकचं कोरलं नाही. सुमन मुलीला घेऊन कोपरगावला गेली. मी पेन्शनीत निघालो आणि संगमनेरच्या दूध संघात टँकर दुरुस्त करू लागलो.

गेल्या उन्हाळ्यात कोपरगावला एका लग्नात सुमन भेटली. मुलगी मोठी झालेली. मामाची लुना घेऊन मांडवाबाहेर चक्कर मारायला निघाली, तर सुमनने धावत जाऊन चावी काढून घेतली. "बापाचं रगात हाय तुझ्यात, मस्तीचं. तसंच मरायचंय का?" लोक हसले. मुलगी मान खाली घालून उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ले-आऊट, पंच, पालथा तुकडा.

ती सुपात तांदूळ निवडत होती.

"दांड्यावर ठोकू नका म्हनले हुते ते?"

"हो."

"आन तुमी ठोकलं."

"हो."

"इतकी वर्सं मी त्यांना शिव्या घालती. मस्तीत गेला, आमाला उघड्यावर टाकून गेला म्हनून. पोरीफुडं घालती. त्या कुनाला लागल्या, हवालदार साहेब?"

भाऊजी म्हणाली नाही.

मी म्हणालो, माफी मागायला आलोय. तिने सूप खाली ठेवलं.

"माझ्या दारात माफी मागून काय उपेग? जिथं खोटं बोल्लात तिथं सांगा. लोकात सांगा."

युनिटला मी लिहून कळवलं आहे. उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही. मेजर साहेब आता बरेच वरच्या हुद्द्यावर गेलेत. म्हणून इथे लिहितोय. सचिवांनी हे पान कापलं तर मी मेळाव्यात उभा राहून सांगेन. आणि ज्यांनी अंगावर वर्दी घातली आहे त्यांना सांगतो, साहेबाला दिसावं म्हणून हाडावर घाव घालू नका. 'नाही सर' म्हणायला शिका. मला ते एकदाही जमलं नाही.

मेळाव्यात दर वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात आणि सगळे उठून उभे राहतात. यंदा ती नावं वाचायला मी मागून घेतली आहेत. सुमनला सांगायला गेलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"येईन," ती म्हणाली. "पोरीला घेऊन मागं उभी राहीन. मागंपतुर ऐकू यील असं वाचा."

तसंच वाचणार आहे. नाईक अशोक जगधने, ड्रायव्हर. करंजी घाट, तिसरं वळण. ड्यूटीवर. गाडी बरोबर चालवत होता.